चित्राचा दाब

चित्र म्हणजे पाणी, असं माझं मत आहे. अजूनही आहे. त्या रविवारनंतर हे वाक्य घरात उच्चारायला मला बंदी झालेली आहे, म्हणून इथे लिहून घेतो.

मी पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क आहे. टाक्या, व्हॉल्व्ह आणि गळत्या यांचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर सरकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. माणूस ज्या खात्यात मुरतो त्या खात्याच्या चष्म्यातून त्याला जग दिसतं. आमच्या घरात हॉलमधल्या टीव्हीला आधी नानांच्या खोलीत, मग लेकीच्या खोलीत आणि शेवटी स्वयंपाकघरात अशी भावंडं झाली, आणि प्रत्येकासाठी वेगळं केबल कनेक्शन घ्यायची भाषा सुरू झाली, तेव्हा मी शांतपणे म्हणालो, "टाकी एकच असते. नळ हवे तितके काढता येतात."

नाना म्हणजे माझे वडील. ते म्हणाले, "टाकीत पाणी असलं तर."

मी दुर्लक्ष केलं. हॉलमध्ये केबलचा डबा. त्याच्या पाठीतून तीन पिना निघतात, पिवळी चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. त्या एका छोट्या पेटीत खुपसल्या की ती पेटी चित्र आणि आवाज एकत्र कालवून एकाच वायरीत ढकलते. ती वायर पॅसेजमध्ये नेली, तिथे फाटे फोडले आणि खोलीखोलीत नेऊन सोडले. हॉलच्या टीव्हीलाही मी एक फाटाच दिला. खरं तर तो डब्याच्या शेजारीच होता, त्याला थेट जोडता आला असता. पण वाटप म्हटलं की समान वाटप. आमच्या खात्यात हे होत नाही, निदान घरात तरी व्हावं, अशी त्यामागे माझी भावना होती.

या व्यवस्थेत एकच अडचण होती. डबा एक असल्यामुळे सगळ्या घराला एकच चॅनल बघावं लागे. रिमोट हॉलमध्ये. मागच्या खोलीतून नाना "बातम्या!" म्हणून ओरडत, लेक तिच्या खोलीतून "आत्ता नको!" म्हणून ओरडे, आणि आमची ही स्वयंपाकघरातून धंद्याच्या आवाजात सांगे, "मागच्या खोलीतल्या प्रेक्षकांनी कृपया लक्ष द्यावे. बातम्या थोड्याच वेळात सुटतील."

धंद्याच्या आवाजात म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमची ही बसस्टँडवर घोषणा करते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे, कुठली उशिरा येणार आहे, कोणाचं पोर हरवलं आहे, हे सगळं गावाला हिच्या तोंडून कळतं. स्टँडच्या वरच्या मजल्यावर एक खुराड्याएवढी केबिन आहे, तिला एक काच आहे, आणि त्या काचेकडे मान वर करून कुणीही बघत नाही. सगळे कर्ण्याकडे बघतात. गावात हिचा आवाज ठाऊक नाही असा माणूस सापडणार नाही, आणि हिला ओळखणारा माणूस मात्र दिवा घेऊन शोधावा लागेल. एकदा कापडाच्या दुकानात हिने नुसतं "यात निळा आहे का?" एवढं विचारलं, तर शेजारचं गिऱ्हाईक पिशव्या उचलून बाहेर पळालं. त्याला वाटलं गाडी लागली.

यावर आम्ही पुष्कळ हसलो. पण एके दिवशी ही घरी आली ती गप्पच. काम संपवून ती खाली उतरली होती आणि बाकावर बसलेली एक बाई दुसरीला सांगत होती, "अहो, ती कसली बाई? मशीन आहे ते. टेप लावून ठेवतात."

"मग तू सांगायचंस ना, की मीच ती म्हणून," मी म्हणालो.

"सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सरकून बसली. म्हणाली, बरं बरं."

त्या रात्री हिला जेवण गेलं नाही. इतकी वर्षं घसा फोडायचा आणि शेवटी आपण टेप ठरायचं, हे तिला फार लागलं होतं. म्हणून टीव्हीवरच्या एका मुलाखतीच्या कार्यक्रमवाल्यांनी तिला बोलावलं तेव्हा ती कधी नव्हे ती लाजली. पार्लरमध्ये गेली. लेकीने तिला साडी निवडून दिली. मी "बरोबर येऊ का?" विचारलं तर घाईने "नको" म्हणाली. रेकॉर्डिंग करून आली आणि काय विचारलं, काय सांगितलं, याचा एक शब्द बोलली नाही. "रविवारी संध्याकाळी दाखवणार आहेत. एकदाच. तेव्हा बघा," एवढंच. मग जरा थांबून म्हणाली, "अहो, तेवढं चित्र नीट दिसेल असं करा हो. लोकांना एकदा कळू दे मी कशी दिसते ते."

इथे मला सांगायलाच हवं की आमचं चित्र तेव्हा नीट नव्हतं. फाटे फुटल्यापासून सगळ्या टीव्हींवर मुंग्या आल्या होत्या. हॉलमध्ये काळ्या मुंग्या, नानांच्या खोलीत जरा जास्त, आणि स्वयंपाकघरात तर वारूळच. माझं निदान तयार होतं. "दाब कमी पडतोय. नळ वाढले की दाब उतरतो. शाळेतलं पोरही सांगेल."

हे निदान मी मुलाखतीच्या कितीतरी आधीपासून जेवताना, चहा पिताना आणि जिन्यात भेटेल त्याला समजावून सांगितलं. जिन्यात भेटणाऱ्यांत समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त हेडमास्तर असतातच. ते कुठूनही उगवतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वायरीला चांदीचा कागद गुंडाळा. पोळ्या बांधतात तो." मी गुंडाळला. मुंग्या तशाच राहिल्या, पण आता टीव्हीच्या मागून कुणीतरी डबा भरून दिल्यासारखं दिसायला लागलं. खालच्या मजल्यावरच्या वकिलांनी सल्ला दिला, की कंपनीला नोटीस द्या. मी म्हटलं, आधी तक्रार तरी देऊ. ते म्हणाले, "तक्रार ही नोटिशीची अवनती आहे." हे वाक्य मला अजून कळलेलं नाही, पण त्यांनी ते अशा थाटात उच्चारलं की मी मान डोलावली.

तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. चित्र येत नसेल तर एक दाबा, आवाज येत नसेल तर दोन दाबा. चित्र येतंय पण चांगलं येत नाही, याला काही आकडाच नव्हता. मी एक दाबला. एक गोड मुलगी म्हणाली, "सर, चित्र येतंय का?"

"येतंय, पण..."

"मग तुम्ही चुकीचा पर्याय निवडलाय, सर."

मी सतरा वेळा सांगितलं की येणं आणि नीट येणं यात फरक असतो. तिने शेवटी नाइलाजाने विचारलं, "कनेक्शन आपल्या नावावर आहे का?" ते नानांच्या नावावर होतं. "मग त्यांच्याशी बोलावं लागेल." मी फोन नानांच्या हातात दिला. नानांनी फोन कानाला लावला, माझ्याकडे पाठ केली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "चित्र? उत्तम आहे. काही तक्रार नाही. धन्यवाद."

मी म्हणालो, "नाना, अहो, हे काय?"

"उगाच परक्या माणसाला घरात कशाला?" असं म्हणून नाना त्यांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. दार लावून घ्यायची त्यांची सवय नव्हती. पण त्या वेळी माझा अपमान इतका ताजा होता, की मी त्या दाराकडे लक्ष दिलं नाही.

तरी हेडमास्तरांच्या ओळखीने एक केबलवाला आलाच. हॉलमध्ये शिरला, डब्यावरची धूळ बोटाने पुसली, ते बोट मला दाखवलं. "डब्यापर्यंत आमचं. आतलं तुमचं. आतल्याला आम्ही हात लावत नाही." मी म्हटलं, अहो, पण बघा तरी. तो म्हणाला, "बघितलं की जबाबदारी येते." आणि गेला. मला त्याचा राग येण्याऐवजी त्याच्याविषयी एक प्रकारचा आदर वाटला. आमच्या खात्यात असता तर फार पुढे गेला असता.

तेव्हा मी ठरवलं की आपणच पंप बसवायचा. केबलच्या धंद्यात पंपाला बूस्टर म्हणतात. मी बाजारातून एक आणला आणि कुणाला न सांगता पॅसेजमधल्या माळ्यावर, जुन्या गादीच्या मागे, बसवला. न सांगण्याचं कारण असं, की हिने मला आधीच सांगून ठेवलं होतं, "आता तुम्ही काहीही जोडू नका. जाणकार माणूस आणा." चित्र सुधारलं की योग्य वेळी सांगू, असा माझा विचार होता.

आणि सुधारलं की हो! मुंग्या गेल्या. मी हॉलमध्ये पाय पसरून बसलो. घरात कुणी काही विचारलं नाही, याचं मात्र मला नवल वाटलं. उलट सगळ्यांच्या चेहऱ्यावर एक गुप्त समाधान होतं. पण मग हळूहळू चित्राला दुसराच आजार जडला. चेहऱ्यामागे चेहरा दिसायला लागला. निवेदिका हिरवी झाली. आडवे पट्टे वरून खाली सरकायला लागले. मुंग्यांच्या काळात माणूस निदान एकटा दिसत होता, आता तो स्वतःच्याच सावलीला घेऊन यायचा. मी माळ्यावर चढून बूस्टरचं बटण आणखी पुढे फिरवलं. पट्टे जाड झाले.

होता होता रविवार उजाडला.

हिने कुणाला बोलावलं नव्हतं. मी बोलावलं होतं. अख्ख्या बिल्डिंगला. मुंग्या गेलेल्या त्या सुखाच्या दिवसांत मी जिन्यात उभा राहून सगळ्यांना आमंत्रणं देऊन बसलो होतो, "कुठल्याही खोलीत बसा, चित्र सगळीकडे सारखं!" संध्याकाळी पुरुषमंडळी हॉलमध्ये, बायका स्वयंपाकघरात, नानांचे फिरायला जाणारे मित्र नानांच्या पलंगावर आणि लेकीच्या मैत्रिणी तिच्या खोलीत, असं घर भरलं. ही नेसून-सवरून हॉलमध्ये खुर्चीच्या कडेला बसली होती. दोन्ही हात मांडीवर घट्ट. पडद्यावर हिरवे-जांभळे पट्टे सरकत होते.

"कार्यक्रमापर्यंत येईल ना नीट?" तिने हळूच विचारलं.

ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी उठलो, स्टूल घेतलं, माळ्यावरची गादी ओढली आणि सगळ्यांसमोर बूस्टर काढून हातात घेतला. "हा मी लावला होता," मी म्हणालो. "दाबासाठी. आता काढतो."

मग मागच्या खोलीच्या दारात नाना दिसले. मान खाली. "माझ्या कपाटामागे पण एक आहे," ते म्हणाले.

"काय?"

"तूच म्हणाला होतास ना, दाब कमी आहे म्हणून. म्हटलं तुला कशाला वाईट वाटायला द्यायचं. फिरायला गेलो होतो तेव्हा घेऊन आलो. केबलवाला आत आला असता तर त्याला दिसला असता."

"बाबा," लेक म्हणाली, "माझ्या पलंगाखाली पण आहे. मला वाटलं, तुझी वायर चांगली असेल, फक्त माझ्याकडे येईपर्यंत दमत असेल."

मी हिच्याकडे वळलो. ही जमिनीकडे बघत होती. "स्वयंपाकघरात," ती म्हणाली, "डाळीच्या डब्यांच्या मागे. तुमचं मन मोडायला नको म्हणून बोलले नाही."

म्हणजे मी घरभर जे दाबाचं शास्त्र शिकवत होतो ते एकूण एक माणसाने मनापासून शिकून घेतलं होतं. एकाच टाकीच्या पाइपाला चौघांनी चोरून चार पंप लावले होते, आणि तेही माझी अब्रू राखण्यासाठी! आमच्या खात्यात असं कोणी केलं तर आम्ही नळ तोडतो. मला मात्र गहिवरून आलं.

हेडमास्तर घड्याळ बघत म्हणाले, "गहिवर नंतर. सुरू होतंय."

मग जे घडलं त्याला दुरुस्ती म्हणता येणार नाही, ती पळापळ होती. नाना कपाट हलवायला गेले, त्यांचे मित्र पलंगावरून सूचना द्यायला लागले. लेक पलंगाखाली. ही साडी खोचून डाळीचे डबे काढायला. मी पॅसेजमध्ये वायरीच्या गुंत्यात गुडघ्यांवर. खोल्याखोल्यांतून आरोळ्या उठत होत्या. "आलं!" "गेलं!" "अहो, नाक आलं!" "इकडे दोन नाकं आली!" वकील मधेच म्हणाले, "मी म्हणतच होतो, नोटीस." पॅसेजमधला पंप काढल्यावर जी वायर उरली ती मी थेट जोडली, आणि हॉलमध्ये डब्यामागे जाऊन छोटी पेटी एकदा जोरात पुढे ओढली, कारण तिच्यावर नानांच्या एका मित्राने पिशवी ठेवली होती.

आणि चित्र आलं.

असं चित्र आमच्या घरात कधी आलं नव्हतं. काचेसारखं. पडद्यावर आमची ही बसली होती. साडीची कड दिसत होती, कानातले दिसत होते, बोलताना डावी भुवई जरा वर जाते तीसुद्धा दिसत होती. सगळ्या खोल्यांतून एकदम "हं!" असा आवाज आला. आणि मग आमच्या लक्षात आलं, की घरात तेवढाच आवाज आहे. पडद्यावरची ही बोलत होती, पण ऐकू काहीच येत नव्हतं.

मला कारण तत्काळ दिसलं. पेटी ओढताना लाल आणि पांढरी अशा दोन्ही पिना निसटल्या होत्या. त्या माझ्या हातापासून वीतभर अंतरावर लोंबत होत्या. मी हात पुढे केला.

"हात लावू नका!"

हे हिने म्हटलं, आणि ते तिच्या स्टँडच्या आवाजात म्हटलं. त्या आवाजाने गाड्या थांबतात. माझा हात थांबला, नानांच्या मित्राचा खोकला थांबला, स्वयंपाकघरातली भांडी थांबली.

"अगं, पण नुसती पिन..."

"नको. तुम्ही हात लावलात की जातं. आवाज गेला तर जाऊ दे. आवाज सगळं गाव रोज ऐकतं. आज मला बघू दे."

मी हात मागे घेतला. मी तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. इतक्या वर्षांत ही मला इतकी देखणी कधी दिसली नव्हती, हे मी इथे मोकळेपणाने लिहितो. समोर बसून भाजी निवडणाऱ्या माणसाकडे आपण असं टक लावून कुठे बघतो?

स्वयंपाकघरातून बायका हॉलमध्ये आल्या. "पण काय बोलतेयस ते तरी सांग गं." मग हीच खुर्चीत बसून पडद्यावरच्या स्वतःबरोबर बोलायला लागली. पहिली घोषणा करताना कशी घाबरले होते. एकदा हरवलेलं पोर केबिनमध्येच कसं झोपलं. ओठ आणि शब्द जमत नव्हते, पण कुणाला फरक पडत नव्हता. मग पडद्यावर मुलाखतकाराने काहीतरी विचारलं आणि पडद्यावरची ही मान मागे टाकून हसली.

"काय विचारलं?" हेडमास्तर म्हणाले.

"घरची माणसं मदत करतात का, असं विचारलं."

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, फार मदत करतात." ही एवढं बोलून थांबली.

पडद्यावरची ही मात्र थांबली नव्हती. ती बोलतच होती. तिने दोन्ही हातांनी हवेत काहीतरी लांबलचक ओढून दाखवलं, मग ते कशाभोवती तरी गुंडाळून दाखवलं. मग मान खाली घालून, डोळे वर करून, स्टुलावर चढलेल्या कुणाची तरी नक्कल केली. मुलाखतकार खुर्चीवरून घसरायचा राहिला. त्याने चष्मा काढून डोळे पुसले.

"एवढंच म्हणालीस?" मी म्हणालो.

"एवढंच हो. थोडं विस्ताराने."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेलो. वाटेत पेपरवाला माझ्याकडे बघून हसला. ऑफिसच्या दारातल्या शिपायाने उठून मला नमस्कार केला, जो त्याने कधीही केलेला नाही, आणि लगेच तोंडावर रुमाल धरला. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, माझ्याकडे बघितलं, "काही नाही, काही नाही, जा" म्हणाले, आणि दार लागायच्या आत त्यांचं हसू मला ऐकू आलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आवाज फक्त आमच्या घरात गेला होता. बाकी सगळ्या गावाने कार्यक्रम आवाजासकट बघितला होता. जे मला सांगू शकले असते ते माझे सगळे शेजारी त्या वेळी माझ्याच घरात बसले होते, आणि ज्यांनी ऐकलं होतं ते मला सांगायला तयार नव्हते.

संध्याकाळी मी तडक स्टँडवर गेलो. आज हिच्याकडून काढूनच घ्यायचं, असं ठरवलं होतं. फलाटावर गर्दी होती. कर्ण्यातून हिचा आवाज आला, कुठलीशी गाडी उशिरा येणार असल्याचा, आणि मी पाहिलं, की लोक कर्ण्याकडे बघत नव्हते. माना वर करून केबिनच्या काचेकडे बघत होते. काच पुसलेली होती. तिथे ही बसली होती. एका म्हातारबाबांनी खालून हात केला, हिनेही केला. बाकावरच्या एका बाईने पोराला उचलून दाखवलं, "ती बघ, ती बोलते." माझा राग कुठल्या कुठे गेला.

तेवढ्यात हिचं माझ्याकडे लक्ष गेलं. ती माइककडे वाकली आणि सबंध स्टँडभर तिचा आवाज घुमला, "अहो, आलात का? तिथेच थांबा, आणि कशालाही हात लावू नका. मी निघालेच!"

सगळा स्टँड माझ्याकडे वळून हसायला लागला. इतक्या वर्षांच्या नोकरीत ही माइक बंद करायला कधी विसरलेली नाही.